रात्रीचं रक्त निगेटिव्ह आणि दिवसाची पट्टी पॉझिटिव्ह, मग खरं काय?

प्रश्न: आमच्या गावात रात्री हत्तीरोगाचा कॅम्प लागला तेव्हा भावाच्या बोटातून रक्त घेतलं, रिपोर्ट निगेटिव्ह. नंतर एका लॅबमध्ये भर दुपारी पट्टीवर टेस्ट केली तर पॉझिटिव्ह! त्याचे पाय एकदम नॉर्मल आहेत, आई मात्र घाबरून गेलीय. उलट आत्याचा पाय कित्येक वर्षं सुजलेला आणि तिची तीच टेस्ट निगेटिव्ह. लॅबवाल्यांनी सँपल बदललं का?
– एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर: सँपल बदललं असेलच असं नाही हो, हे सगळे रिपोर्ट एकाच वेळी खरे असू शकतात, कारण दोन्ही टेस्ट वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. रात्रीच्या रक्तात मायक्रोफायलेरिया बघतात, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं. ती आपल्याकडे साधारण रात्री 10 ते 2 मध्ये कातडीजवळच्या रक्तात येतात, क्युलेक्स डास चावायची वेळही तीच, म्हणून बिचारे आरोग्यसेवक लोकांना झोपेतून उठवतात. पण पिल्लं कमी असली की काचेवरच्या त्या थेंबात एकही सापडत नाही. पट्टी पिल्लांच्या मागे लागतच नाही. लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, बसलेला मोठा जंत (मादी 8 ते 10 सेंमी लांब, दोऱ्यासारखी बारीक) रक्तात जे अँटिजेन (जंताची खूण पटवणारा पदार्थ) सोडतो ते ती पकडते, आणि ते दिवसरात्र असतं, त्यामुळे दुपारचे दोन-तीन थेंब पुरतात. फक्त एक विचारून घ्या, पट्टी बरोबर 10 मिनिटांनी वाचली होती ना? उशिरा वाचली तर खोटी रेघ उमटू शकते, आणि गर्दीच्या लॅबमध्ये असं होतं.

आत्याचं म्हणाल तर जंत बहुधा केव्हाच मेलेत, पण लसिकावाहिन्यांचं नुकसान मागे राहिलंय. तिला रोज पाय साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, भेगा पडू द्यायच्या नाहीत, वारंवार येणारा ताप आणि लाली यानेच कमी होते.

अँटिबॉडी टेस्ट निराळी बरं का, ती जंताविरुद्ध आपल्या शरीराने बनवलेली प्रथिनं शोधते आणि जुन्या संसर्गानंतरही पॉझिटिव्ह राहू शकते. आपल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात मायक्रोफायलेरिया काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून त्यांनी सोडलेलं अँटिजेन गोळा केलं आणि त्यावर अशा टेस्ट बसवल्या, विदर्भातच हा रोग असल्यामुळे पेशंट शोधायला लांब जायची गरज नव्हती. आणि हो, भावाची ती पट्टी बँक्रॉफ्टी जंतासाठी, म्हणजे आपल्याकडच्या हत्तीरोगाच्या नेहमीच्या जंतासाठी आहे, केरळात काही भागात सापडणारा ब्रुगिया जंत तिला दिसत नाही.

भावाला सरकारी दवाखान्यात न्या, डॉक्टर बहुतेक वजनाप्रमाणे डीईसी या जंतावरच्या गोळ्यांचा 12 दिवसांचा कोर्स देतील. गोळ्यांनी पिल्लं पटकन मरतात, मोठे जंत सगळे मरतीलच असं नाही, म्हणून पट्टी पुढे बरेच महिने पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा दर महिन्याला टेस्टवर पैसे घालवू नका.