गोळ्यांनंतरही नळीत राहिलेला गर्भ

प्रश्न : पाळी चुकली म्हणून माझ्या धाकट्या जावेने मेडिकलमधून गर्भ पाडायच्या गोळ्या आणून घेतल्या. अंगावरून गेलं, आम्हाला वाटलं मोकळी झाली. तीन आठवडे झाले, अजून थोडं थोडं काळसर जातंच आहे. उजवीकडे ओटीपोटात दुखतं, बारीक ताप असतो. लघवीच्या तपासणीत दुसरी रेघ पुसट येते. ही गोळ्यांची उष्णता असेल का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : उष्णता म्हणून थांबू नका, तिला आजच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत (अंडाशयाकडून गर्भाशयाकडे येणाऱ्या गर्भनलिकेत) आहे का, हे आधी पाहायला हवं. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही. गर्भाशयाचं अस्तर मात्र गळतं, अंगावरून जातं आणि सगळे निर्धास्त होतात.

नळी दर वेळी एकदम फुटते असं नाही. काही जणींत ती झिरपत राहते. रक्त गर्भाशयामागच्या खोलगट जागेत साठून गोठतं, आतडी त्याला चिकटतात आणि गाठ बनते. वार बहुतेक मेलेली असल्याने बीटा-एचसीजी (गर्भ राहिल्यावर रक्तात-लघवीत येणारं संप्रेरक) कमी असतं, कधी लघवीची तपासणी निगेटिव्हही येते. मग सोनोग्राफीत तीच गाठ अंडाशयाची किंवा पुवाची वाटू शकते. म्हणून गोळ्या घेतल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा; ते लपवलं तर निदान चुकतं.

योनीमार्गातून सोनोग्राफी, रक्तातलं बीटा-एचसीजी (गरजेनुसार ४८ तासांनी पुन्हा), हिमोग्लोबिन आणि रक्तगट, एवढं करून घ्या. सिकलसेल असेल तर तेही सांगा. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा. मेथोट्रेक्सेटचं (गर्भाची वाढ थांबवणारं) इंजेक्शन नळी न फुटलेल्या, लवकर सापडलेल्या गर्भासाठी असतं; चिकटलेल्या गाठीला बहुधा ऑपरेशनच लागतं.

फार क्वचित गर्भ नळीतून निसटून पोटात वाढतो आणि वार आतड्यावर रुजते. ती ओढून काढायला गेलं तर रक्त आवरत नाही, म्हणून सर्जन कधीकधी ती तिथेच ठेवतात.

तोवर पोट चोळून घेऊ नका. चक्कर, गार घाम, खांद्याच्या टोकाशी दुखणं (पोटातलं रक्त छाती-पोटामधल्या श्वासपटलाला लागलं की तिथे दुखतं) यांपैकी काहीही झालं तर लगेच १०८ ला फोन करा. खायला-प्यायला देऊ नका. जिथे रक्त आणि सर्जन दोन्ही आहेत, अशा जळगाव किंवा धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

प्रश्न : माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, मग ही भीती नाही ना?
– एक वाचक, शहादा

उत्तर : गर्भ राहण्याची शक्यता फार कमी. पण राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त. पाळी चुकली तर आधी लघवीची तपासणी करा, आणि ती पॉझिटिव्ह आली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी.