पेगासससारख्या स्पायवेअरवर, म्हणजे फोनमधे गुपचूप शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सगळे देश मिळून काही करतायत का?

करतायत, पण दात नसलेलं काम आहे. फेब्रुवारी 2024 मधे ब्रिटन आणि फ्रान्सने लंडनला एक जाहीरनामा काढून 'पॉल मॉल प्रोसेस' सुरू केली, म्हणजे असल्या टूल्सना आवर घालायची देशांमधली बोलणी, मग एप्रिल 2025 ला पॅरिसमधे सरकारांसाठी एक आचारसंहिता आली, म्हणजे असली टूल्स घेताना-वापरताना कायदा पाळा, देखरेख ठेवा वगैरे. सही केली तरी बंधनकारक काहीच नाही. आणि पेगासस बनवणारी एनएसओ कंपनी ज्या इस्रायलची, त्याने 2024 च्या जाहीरनाम्यावर सही केलीच नाही, आता बोला!

खरा चिमटा बसला तो अमेरिकेचा. नोव्हेंबर 2021 मधे त्यांनी एनएसओला ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे लायसन्सशिवाय अमेरिकन तंत्रज्ञान विकत मिळणं बंद. शिवाय व्हॉट्सॲपने कोर्टात खेचलं ते वेगळंच. 2019 मधे फक्त व्हॉट्सॲप कॉल यायचा, उचलायचीही गरज नाही, फोनमधे पेगासस शिरलंच समजा, असे साधारण 1400 लोक होते, त्यात आपल्याकडचे पत्रकार आणि भीमा कोरेगाव केसमधले वकीलपण.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या समितीने 29 फोन तपासले, 5 मधे मालवेअर निघालं पण ते पेगाससच का हे ठरलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं कोर्टानेच ऑगस्ट 2022 मधे सांगितलं. गिऱ्हाईक सरकारच असतं हो, मग लगाम कोण घालणार?

तोवर फोन अपडेट ठेवा, आयफोन असेल तर लॉकडाउन मोड बघा, म्हणजे असल्या हल्ल्यांपासून जास्त संरक्षण देणारी सेटिंग.