बीटचा रंग आणि पेशीपटल

प्रश्न : बारावीच्या प्रकल्पासाठी बीटचे तुकडे 30, 45, 60, 75 आणि 90 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले. 30 अंशांचं पाणीसुद्धा लाल झालं. 90 अंशांचं मात्र फिकट, तपकिरी निघालं. उष्णतेने पेशीपटल फाटतं, हे मग दाखवायचं कसं?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : 30 अंशांचा लाल रंग सुरीने चिरलेल्या पेशींचा आहे. तुकडे नळाखाली धरा आणि पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग टिपकागदावर हलकेच टिपा, दाबू नका. एवढं केलं नाही तर पुढची सगळी मोजमापं फुकट जातात.

90 अंशांची अडचण वेगळी. बीटचा रंग उष्णतेत टिकत नाही, तासाभरात बराचसा विघटित होतो. म्हणून तापवणं आणि रंग उतरू देणं ही कामं वेगळी करा. कॉर्क बोररने (बुचाला भोक पाडायच्या धारदार नळीने) एकाच बीटमधून 5 मिमी जाडीचे, 1 सेमी लांबीचे तुकडे काढा, साल वगळून. प्रत्येक तुकडा ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात फक्त 1 मिनिट बुडवा. लगेच तो 10 मिलि साध्या पाण्याच्या परीक्षानळीत टाका. सगळ्या नळ्या एकाच तापमानाला 20 मिनिटं ठेवा, तुकडे काढा, नळ्या हलवा आणि कलरीमीटरवर (द्रावणाच्या रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर) हिरवा फिल्टर लावून मोजा. द्रावण लाल म्हणून लाल फिल्टर लावला तर आकडे हलतच नाहीत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीतलं पाणीच 30 अंशांच्या आसपास असतं. 20 अंशांची नोंद हवी असेल तर बर्फ वापरा.

आता तुमचा ‘फाटतं’ हा शब्द. पटल म्हणजे फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिनं. जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर. थरातले रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेले नसतात, ते सतत सरकत असतात. उष्णतेने ही हालचाल वाढते, प्रथिनांची घडी उलगडते आणि रंगाच्या रेणूला वाट मिळते. शिवाय रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या रसाच्या पिशवीत असतो. बाहेर यायला त्याला रिक्तिकेचं आणि पेशीचं अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. निष्कर्षात दोन्हींचा उल्लेख करा.

प्रश्न : न तापवता हाच परिणाम दाखवता येईल का? घरची फेणी चालेल?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : फेणी नको, तिच्यातल्या अल्कोहोलचं प्रमाण नेमकं माहीत नसतं. प्रयोगशाळेतलं इथेनॉल 10, 20, 30, 40 टक्के असं पातळ करून घ्या. ते लिपिडचा थर विस्कटतं. त्याहून सोपं म्हणजे धुतलेला तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी साध्या पाण्यात टाका. बर्फाच्या स्फटिकांनी पटलं खरोखरच फाटलेली असतात, त्यामुळे काही मिनिटांतच पाणी लालभडक होतं.