‘कादंबरीचं काय झालं?’

हा प्रश्न किती बोचतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या हौशी लेखकांची अडचण बहुधा एकच असते. लिहायला घेतलं, चार जणांना सांगितलं, पहिली तीस-चाळीस पानं झपाट्यानं झाली आणि गाडं अडलं. त्यात घरातल्या कुणाच्या हाती लागलं तर, ही धास्ती. सोलापुरातल्याच एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते.

त्या चाळिशीतल्या, नोकरी करणाऱ्या. माहेर शहराच्या पूर्व भागात, घरात तेलुगू. कादंबरी आजीवर बेतलेली. आजोबा जुन्या गिरणीत होते. 1963 साली गिरणी बंद पडली आणि घर चाललं ते अव्वाच्या, म्हणजे आजीच्या, विड्या वळण्यावर. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानावर बोटं चाललेली, आणि मान वर न करता ती दारातल्या सावकाराला पुढच्या आठवड्यावर घालवतेय. हे सांगताना बाईंची बोटंसुद्धा आपोआप वळायला लागली. लिहिण्याजोगं त्यांच्याकडे भरपूर होतं, यात मला शंका उरली नाही.

झालं असं की, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सगळे माहेरी जमले होते. भाच्यानं खेळायला बाईंचा मोबाइल घेतला, त्यात मजकूर उघडाच होता. त्यानं तो जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं वाचला. आजोबांचं पिणं, अव्वाची उधारी, सगळं. पोरं हसली. रात्री भाऊ म्हणाला, “अक्का, घरातलं चव्हाट्यावर कशाला आणतेस?” त्यानंतर एक ओळ नाही. “मॅडम, माझ्यात चिकाटीच नाही,” असं त्या म्हणत होत्या.

मला ते पटलं नाही. त्या आधीच अडखळायला लागल्या होत्या, भाच्याचा प्रसंग नंतरचा. ऑफिसात, भिशीत, मैत्रिणींच्या ग्रुपवर कादंबरीचं कथानक सांगून झालं होतं, लोक ‘लेखिकाबाई’ म्हणायला लागले होते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी 2009 साली याच गोष्टीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी उत्तम कायदेतज्ज्ञ होण्यासाठी काय करणार ते लिहून दिलं. ज्यांचा संकल्प दुसऱ्यानं वाचून दखल घेतली, त्यांनी नंतर प्रत्यक्ष अभ्यासाला कमी वेळ दिला. दखल घेतली गेली की आपण ते झालोच, असं मनाला वाटतं. प्रत्येक संकल्पाला हे लागू पडेल असं नाही. पण ‘मी लेखक आहे’ या ओळखीशी बांधलेल्या कामात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मग चोरून लिहायचं का? भरल्या घरात ते जमत नाही. दार लावून बसलं की संशय वाढतो, आणि लिहिणाऱ्याला उगाच अपराधी वाटतं. म्हणून आम्ही ठरवलं, वेळ सगळ्यांना सांगायची, मजकूर कुणालाच नाही. बाईंनी घरी सांगितलं, “सकाळी साडेपाच ते साडेसहा मी लिहायला बसते. काय लिहिते ते पुरं झाल्यावर.” मजकूर वेगळ्या गूगल खात्यात हलवला, त्याचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे.

सासूबाईंचा प्रश्न रास्त होता, “पाणी आलं की?” सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवावं लागतं. त्यामुळे अडथळ्याचाही आधीच बंदोबस्त केला. पाणी सकाळी आलं, तर त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर हिराचंद नेमचंद वाचनालयात अर्धा तास. ‘अमुक झालं तर तमुक करायचं’ असं आधी ठरवलेलं तडीला जाण्याची शक्यता जास्त, हेही गोल्विट्झर यांचंच काम. ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. रोजचे 300 शब्द धरले, तर 200 बैठकांत 60,000 होतात, आणि तेवढ्यात कादंबरी उभी राहते. उठण्याआधी उद्याचं पहिलं वाक्य लिहून ठेवायचं. मधल्या कंटाळवाण्या पानांत मला याहून उपयोगी काही सापडलेलं नाही.

भावाला काय उत्तर द्यायचं, याची आम्ही तालीम केली. भाऊ मी झाले. पहिल्यांदा त्या मिनिटंच्या मिनिटं खुलासे देत राहिल्या, आवाज कापायला लागला. शेवटी उत्तर एवढंच उरलं: “चालू आहे रे. झाली की सांगेन. वहिनीचं गुडघ्याचं कसं आहे?” आजोबांचं पिणं गाळायचं का, हा प्रश्न मी तेव्हा घेऊच दिला नाही. लिहिणं आणि छापणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. छापण्याची भीती लिहिण्यात शिरली की पात्रं गोडगोड बोलायला लागतात.

पहिला खर्डा आता पुरा झालाय. बाईंना तो आधी भावालाच द्यायचा होता. मी म्हटलं, पहिला वाचक घराबाहेरचा असू दे, आणि त्याला दोनच गोष्टी विचारा: कुठे कंटाळा आला, आणि कोणाचं वागणं कळलं नाही. भावाला छापायच्या आधी नक्की दाखवा, कारण अव्वा त्याचीही आहे. त्याचं ऐकून घ्या. मात्र परवानगी मागायला गेल्यासारखं जाऊ नका. हे त्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि सध्या आमच्या बैठकीत तेच चाललं आहे.