‘घरगुती काहीतरी सांगा’

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाल्याचे तुझे पत्र मिळाले. येणारा प्रत्येक दुसरा रुग्ण ‘गोळ्या नकोत, घरगुती काहीतरी सांगा’ म्हणतो आणि त्याला काय उत्तर द्यावे ते कळत नाही, असे तू लिहिले आहेस. या मागणीला हसू नकोस, आणि तिला लगेच होही म्हणू नकोस. सांगितलेला उपाय अंगात नेमके काय करतो आणि तो कशाच्या जागी घेतला जाणार आहे, एवढे आधी पाहत जा.

मी स्वतः हे उशिरा शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी शेतमजुरी करणाऱ्या एका बाईंना रक्तवाढीसाठी मी मोठ्या उत्साहाने रोज गूळ-शेंगदाणे खायला सांगितले, आणि तीन महिन्यांनी त्यांचे हिमोग्लोबिन होते तिथेच होते. मी साधा हिशेबसुद्धा केला नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, आणि दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातून मिळते ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. त्याहून मोठी चूक अशी, की जेवणानंतर त्या काय घेतात हे मी विचारलेच नव्हते. भाकरीचा शेवटचा घास संपताच त्या पेलाभर कोरा चहा पीत. चहातील टॅनिन धान्य-भाज्यांमधल्या लोहाला पोटातच बांधून ठेवते, त्यामुळे ताटात जे थोडेफार होते तेही अंगी लागत नव्हते.

म्हणून औषधी वनस्पतींची नावे पाठ करण्याआधी ताटाची चौकशी करायला शीक. चहा जेवणापासून निदान तासभर दूर ठेवायचा, भाजी-आमटीवर लिंबू पिळायचे, मटकीला मोड आणायचे, कारण मोड आल्याने लोह अडवणारे फायटेट कमी होते आणि ‘क’ जीवनसत्त्व वाढते. चिंच किंवा कोकम घातलेली आमटी लोखंडी कढईत उकळली, तर आंबटपणामुळे कढईचे थोडे लोह तिच्यात उतरते. मात्र शिजताच ती दुसऱ्या भांड्यात काढायला सांग, नाहीतर ती काळी पडते आणि लोखंडाची चव लागल्याने घरातले कोणी खात नाही. (अनेक घरांत ही कढई माळ्यावर असतेच, ती खाली काढण्याचा खर्च शून्य आहे.)

याला मर्यादा आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि ते आठ-नऊवर आले असेल तर केवळ पालेभाजीने भरून निघत नाही. तिथे डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळीच घ्यावी लागते. गोळीने शौचाचा रंग काळा होतो हे आधीच सांगून ठेव, कारण त्या भीतीने मध्येच गोळ्या बंद करणाऱ्या स्त्रिया मी कितीतरी पाहिल्या आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, तेव्हा तुझ्या टेबलासमोर बसलेली बाई अपवाद नाही, असेच धरून चाल.

नाचणीचेही असेच. लोक ती रक्तासाठी म्हणून खातात, पण तिचे खरे बळ कॅल्शियममध्ये आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते.

हळदीबद्दल तुला फार ऐकावे लागेल. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेतील पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ साली रद्द झाले, याचा अभिमान जरूर बाळग. परंतु त्या लढ्यात सिद्ध झाले ते इतकेच की हा वापर जुना आणि आपल्याला ठाऊक असलेला आहे. हळद सर्व रोगांवर चालते, असे त्यातून सिद्ध होत नाही. फोडणीतली चिमूटभर हळद आणि अर्काची दाट गोळी यांना एकच वस्तू समजू नकोस. गुळवेलीच्या बाबतीत तर वादच झाला. करोनाच्या साथीच्या काळात लोकांनी काढे मनाला येईल तसे घेतले, आणि काही रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेशी गुळवेलीचा संबंध असावा असे २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी मांडले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, असा आक्षेप घेतला. माझ्या मते तुझ्यासाठी दोन्ही बाजू एकच सावधगिरी सुचवतात: कोणती वेल, किती आणि किती दिवस, हे माहीत नसलेला काढा चालू असेल तर तो थांबवून डॉक्टरांकडे पाठव. दुधीच्या रसाबाबत तर आपल्या आज्या अधिक शहाण्या होत्या. दुधी चिरताना त्या तुकडा चाखून पाहत आणि कडू लागला तर अख्खा टाकून देत. त्या कडूपणाचे कारण असलेली कुकुर्बिटासिने विषारी असतात, आणि ‘कडू ते औषधी’ म्हणून असा रस पिणाऱ्यांचे जीव गेले आहेत.

आता जुलाबांवरचा एक उपाय असा, जो तू निःशंकपणे सांगावास. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजले. तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. साखर आतड्यातून जाताना मिठाला आणि पाण्याला सोबत नेते, एवढेच त्यामागचे इंगित. जलसंजीवनीची (ओआरएस) तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; माप आईकडून तुझ्यासमोर करून घे, कारण जास्त मीठ बाळाला घातक ठरते. मीठ घातलेली तांदळाची पेजही चालते. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, हे मात्र त्याच बैठकीत सांग, आजीबाई रागावल्या तरी.

तू सोबत पाठवलेले आहारपत्रक वाचले. त्यात ब्रोकोली, ऑलिव्ह तेल आणि बदाम आहेत. तुझ्या तालुक्याच्या आठवडी बाजारात यांतले काय मिळते? तिथे शेवग्याचा पाला, चवळी, तीळ, कारळ्याची चटणी आणि ऐपत असेल व चालत असेल तर अंडे लिही, प्रत्येकाचे प्रमाण वाटी-चमच्यात दे, आणि पत्रक पुन्हा माझ्याकडे पाठव.

कळावे,
तुझी बाई