खाडा, डबा आणि घरचा कुकर

मागील अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, घरी स्वयंपाक करणे आणि बाहेर जेवणे यांपैकी आपल्याला काय परवडते आणि त्याचा हिशेब आपण कसा मांडता. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांनी कळवलेले दर जसेच्या तसे घेतले आहेत. आपल्या भागातील दर वेगळे असतील, तर त्या जागी आपले आकडे घालून पाहावेत.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी शिक्षणासाठी पुण्यात कर्वेनगरला खोली घेऊन राहतो. दोन वेळच्या मेसचे प्रत्येकी ३,४०० रुपये होतात, एका वेळेचे १,९००. खोलीत इंडक्शनची शेगडी, कुकर आणि लहान फ्रीज आहे. आई म्हणते की, घरी केलेत तर निम्म्या पैशात भागेल. जवळच्या दुकानात पीठ-तांदूळ सरासरी ५० रुपये किलो, डाळी-कडधान्ये १३०, भाजी ६० आणि तेल १५० रुपये किलोने मिळते. आम्ही मेस सोडावी का?

उत्तर : तुमच्या आईंचा अंदाज कागदावर जवळजवळ बरोबर ठरतो, म्हणून आधी तो कागद पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिले आहे. फळे, दूध आणि दाणे-तेलबिया यांखेरीज. तीस दिवसांसाठी हे एका व्यक्तीमागे साडेसात किलो धान्य, अडीच किलोंहून थोडी अधिक डाळ, १२ किलो भाजी आणि ८०० ग्रॅमच्या आसपास तेल होते. तुमच्या दरांनी धान्याचे ३७५, डाळींचे सुमारे ३३०, भाजीचे ७२० आणि तेलाचे १२० मिळून १,५४५ रुपये होतात. मीठ-मसाला, गूळ, चहा-साखर यांचे २०० आणि विजेचे प्रत्येकी २०० धरले, तरी रक्कम १,९५० च्या आत राहते, आणि त्यात सकाळच्या पोह्या-उपम्याचे धान्यही आले, जे मेसच्या पैशांत येत नाही. म्हणजे दरमहा प्रत्येकी १,४५० रुपयांची बचत दिसते.

आता या कागदावर न येणाऱ्या गोष्टी. प्रयोगशाळेतून किंवा ग्रंथालयातून रात्री साडेआठला परतल्यावर कणीक मळण्याची इच्छा तिघींपैकी एकीलाही नसेल, अशा रात्री येणारच. आठवड्यातून दोनदा असे घडले आणि प्रत्येकीने २०० रुपयांचे काही मागवले, तर महिन्याच्या आठ रात्रींचे १,६०० रुपये होतात. वर काढलेली संपूर्ण बचत त्यात जाते आणि फ्रीजमध्ये पिवळी पडत चाललेली मेथी राहते ती वेगळीच. घरचे जेवण बाहेरच्यापेक्षा स्वस्त आहे, यात शंका नाही. पण ज्या रात्री ते शिजतच नाही, त्या रात्रीचा खर्चही त्याच्याच खात्यावर लिहायला हवा, आणि हा खर्च बहुतेक हिशेबांत लिहिलेला मला आढळत नाही.

मेस स्वस्त का पडते, तेही समजून घ्यावे. मेसचालक गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पोत्याने आणि क्रेटने माल उचलतात, एका आचेवर पन्नास-शंभर माणसांचे शिजवतात आणि बटाटा, कोबी, फ्लॉवर, वाटाणा यांवर भर देतात, कारण पालेभाजी निवडायला माणसे लागतात आणि ती शिजून मूठभर होते. आमटीचे पाणीही महिनाअखेरीस वाढते, असा अनेकांचा अनुभव आहे. ५० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळ यांतून ती कशीबशी भरून निघतात, पण वाटीतली डाळ निम्म्यावर आली की ती भरत नाहीत. मेसमध्ये जेवणाऱ्या मुलींची तक्रार पोट भरत नाही अशी क्वचितच असते. भात आणि पोळ्यांनी पोट भरतेच. उणीव डाळ, पालेभाजी आणि फळे यांची असते, आणि ती खोलीतल्या कुकरने भरून काढता येते.

म्हणून माझा सल्ला असा की, मेस पूर्ण सोडू नका; दुपारची एक वेळ ठेवा आणि रात्रीचे खोलीत करा. दुपारचे १,९०० आणि घरचा निम्मा खर्च साधारण १,०००, म्हणजे २,९०० रुपये होतील. बचत प्रत्येकी ५०० रुपयांचीच दिसेल, पण ती टिकणारी असेल. रात्री पोळ्यांचा हट्ट धरू नका. कुकरमध्ये एका डब्यात तांदूळ, दुसऱ्यात डाळ आणि वर तिसऱ्यात चिरलेला दुधी किंवा लाल भोपळा लावला की पाऊण तासात जेवण तयार होते. मटकी सकाळी भिजत घातली आणि रात्री फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत मोड येतात; उन्हाळ्यात त्याहूनही लवकर येतात. ज्या रात्री हेही होणार नाही, तिच्यासाठी अंडी, भाजणी आणि भाजलेला रवा घरात असू द्या. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, हेही लक्षात ठेवा.

उरलेल्या भाताबद्दल मात्र हयगय करू नका. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा.

मेस ठरवताना खाड्याचा नियम आधी विचारून घ्या. सलग किती दिवस गैरहजर राहिल्यास पैसे वळते होतात, किती आधी सांगावे लागते, रविवारी फीस्टनंतर, म्हणजे दुपारच्या खास जेवणानंतर, रात्री मेस बंद असते का आणि त्या वेळेचे पैसे धरले आहेत का, हे प्रश्न विचारायला संकोच करू नये. दिवाळी आणि परीक्षेनंतरच्या सुट्ट्या मोजल्या, तर वर्षभरात एखाद्या महिन्याचे पैसे यावर अवलंबून असतात. या शहरात शिकायला आलेली मुले एकेकाळी सात घरी सात वार लावून जेवत असत आणि कोणत्या वारी कोणत्या घरी जायचे, हे त्यांना तोंडपाठ असे. तुम्हीही कोणत्या रात्री कोण शिजवणार, हे भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी वाकडला राहतो आणि दोघेही हिंजवडीला नोकरी करतो. महिन्यातून साधारण पंधरा वेळा रात्रीचे जेवण अॅपवरून मागवतो. दोघांचे सरासरी बिल ५२० रुपये येते. संध्याकाळच्या पोळ्या, भाजी आणि वरणासाठी एक मावशी दरमहा ४,५०० रुपये मागतात. दोन माणसांसाठी एवढे देणे योग्य वाटत नाही.

उत्तर : पंधरा वेळचे ७,८०० रुपये आपण देतच आहात. मावशींनी महिन्यातून २६ संध्याकाळी स्वयंपाक केला आणि प्रत्येक संध्याकाळी दोघांच्या सामानाला १०० रुपये लागले, तर ४,५०० आणि २,६०० मिळून ७,१०० रुपये होतात. म्हणजे पंधरा जेवणांपेक्षा कमी पैशांत सव्वीस जेवणे मिळतील, आणि ज्या अकरा रात्री आपण आज दमून घरी शिजवता, त्याही मोकळ्या होतील. ही तुलना इतकी स्पष्ट आहे की, तिच्यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

अधिक लिहायचे आहे ते दोन वेगळ्या गोष्टींविषयी. मावशी आल्या म्हणजे काळजी संपली, असे होत नाही. आज काय करायचे, भाजी आहे का, दळण कधी आणायचे, हा विचार कोणीतरी करावाच लागतो आणि आपल्या घरांत तो बहुतेक वेळा पत्नीच करते. पत्रातून आपल्यापैकी कोणी लिहिले आहे, ते कळत नाही. म्हणून दोघांनाही विनंती करते की, आठवड्याची भाजी ठरवणे आणि आणणे हे काम पतीने पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. भाजी आठवडे बाजारातून एकदाच आणली, तर पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत, वांगी-गवार-दोडका मधल्या दिवसांत आणि कोबी, भोपळा, बटाटा शेवटी, हा क्रम मावशींना सांगून ठेवावा. त्यानेच पुष्कळशी नासाडी थांबते.

दुसरी गोष्ट पगाराची. आपण आठ दिवस गावी गेलात म्हणून मावशींचे आठ दिवसांचे पैसे कापू नयेत. खाडा हा मेसच्या व्यवहारातला नियम आहे; तिथे शंभरांतला एक गैरहजर राहिल्याने चूल बंद पडत नाही. मावशींनी आपल्यासाठी संध्याकाळचा तो तास राखून ठेवलेला असतो आणि आपण नसताना तो त्यांना दुसरीकडे विकता येत नाही. त्यांच्या हक्काच्या रजाही आधीच ठरवाव्यात आणि त्या दिवसांचे पैसे द्यावेत. ४,५०० रुपये अधिक वाटतात, असे आपण म्हणता. जेवण आणून देण्याचे शुल्क, पॅकिंगचे पैसे आणि दुकानातल्या दरपत्रकापेक्षा अॅपवर बरेचदा वाढवून लावलेले दर यांची बेरीज महिन्याच्या शेवटी एकदा करून पाहा, मग कोणाचे पैसे अधिक वाटायला हवेत, ते ठरवा.

प्रश्न : रविवारी कुटुंबासह जेवायला गेलो असता बिलात कराखेरीज सेवा शुल्कही लावले होते. ते देणे बंधनकारक आहे का?

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहाला सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना वैध ठरवल्या. ते काढून टाकण्यास शांतपणे सांगावे. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. वस्तू व सेवा कर मात्र द्यावा लागतो आणि साध्या उपाहारगृहांत तो ५ टक्के असतो. जे लहान व्यावसायिक कंपोझिशन योजनेत, म्हणजे एकूण उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत, आहेत, त्यांना ग्राहकाकडून हा कर वेगळा घेता येत नाही, म्हणून बिलाच्या वरच्या बाजूस काय छापले आहे, तेही वाचावे. वाढणाऱ्या माणसाला स्वखुशीने काही द्यायचे असेल, तर ते त्याच्या हातात द्यावे.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. सदाशिव पेठेत एकटाच राहतो. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, तेव्हापासून दोन वेळचा डबा लावला आहे. डबा चांगला असतो, पण एवढे जेवण जात नाही आणि अर्धे टाकताना जिवावर येते. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले आहे. मला चहा आणि मुगाची खिचडी एवढेच येते. या वयात स्वयंपाक शिकण्यात काही अर्थ आहे का? पैशांची फार अडचण नाही, पण उधळपट्टी नको.

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. अर्थ आहे, आणि तो मुख्यतः मिठामुळे आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरापेक्षाही कमी मीठ घ्यावे, असे सांगितले जाते; आपल्या डॉक्टरांनी याहून कमी सांगितले असेल, तर तेच पाळावे. डब्यातली आमटी, भाजी, चटणी आणि लोणचे अनेकांच्या चवीने केलेले असते आणि त्यात मीठ किती पडले, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. डबेवाल्या काकूंना सांगून पाहता येईल, पण पंचवीस डब्यांतला एक वेगळा करणे त्यांना रोज जमेलच, असे नाही.

सगळे शिकण्याची आवश्यकता नाही. पोळ्या आणि भाकरी पोळी-भाजी केंद्रातून नगावर घ्याव्यात. दोन हव्यात तर दोनच घ्याव्यात. पोळी लाटणे हे सरावाचे काम आहे आणि एकट्यासाठी त्यात पैसेही वाचत नाहीत. दुपारचा डबा काही दिवस चालू ठेवून रात्रीचा बंद करावा. घरी करायचे ते वरण, एखादी भाजी आणि कोशिंबीर, कारण मीठ तिथेच असते. दीड-दोन लिटरचा लहान कुकर घ्या. घरातल्या पाच लिटरच्या कुकरमध्ये एका माणसाची डाळ तळाशीच राहते. भाजीसाठी मंडई आपल्याला पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १८८६ पासून उभ्या असलेल्या त्या इमारतीच्या आत-बाहेर पाव किलो मागितले, तर विक्रेते पाव किलोच देतात, हे एकट्या माणसासाठी महत्त्वाचे आहे. बंद पिशवीतली किलोभर भाजी आपल्याला महाग पडेल.

फोडणीची भीती वाटत असेल, तर सुरुवात पिठल्यापासून करा. दोन मोठे चमचे बेसन वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवून ठेवावे. लहान कढईत चमचाभर तेल मध्यम आचेवर तापवून एक मोहरीचा दाणा टाकून पाहावा. तो तडतडला की उरलेली मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण आणि चिरलेला कांदा घालावा आणि हळद कांदा मऊ झाल्यावर घालावी, म्हणजे ती जळत नाही. मग कालवलेले पीठ ओतून एका हाताने सतत ढवळावे आणि झाकण ठेवून पाच मिनिटे मंद आचेवर वाफ आणावी. मीठ पाव चमचाच घालावे आणि ताटात घेतल्यावर वरून लिंबू पिळावे. आंबटपणामुळे मिठाची उणीव पुष्कळशी जाणवेनाशी होते. पहिल्या वेळी गुठळ्या झाल्या, तर रवीने घुसळून घ्या, आणि पुढच्या महिन्यात मला पुन्हा पत्र लिहा. तेव्हा आमटीकडे वळू.