96 हजारांचा रेग्युलेटर घ्यावा का?

प्रश्न : वय 31, हातात येणारा पगार 58 हजार. तारकर्लीला स्कुबाचा ओपन वॉटर कोर्स केलाय, वर्षाला दहाएक डाइव्ह होतात. पुढे डाइव्हमास्टर, म्हणजे इतरांना पाण्याखाली नेणारा व्यावसायिक मार्गदर्शक, व्हायचा विचार आहे. सर्वांत वरच्या श्रेणीचा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी तोंडापर्यंत आणणारं उपकरण) 96 हजारांना, 12 महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर मिळतोय. त्याच कंपनीचा मधला 48 हजारांना आहे. दर वर्षीचं सर्व्हिसिंग साधारण 6 हजार, भाड्याने घेतला तर डाइव्हमागे 500. जीवच त्यावर असतो, मग उत्तमच घ्यावा ना?

उत्तर : पाण्याखाली श्वास पुरवणाऱ्या वस्तूत काटकसर नको, हे मला पूर्ण मान्य आहे. पण वरचे 48 हजार तुमची सुरक्षितता वाढवण्यासाठी जात नाहीत. युरोपच्या ईएन 250 या मानकानुसार रेग्युलेटर 50 मीटर खोलीइतक्या दाबाखाली, मिनिटाला 62.5 लिटर हवा ओढून तपासतात आणि एका लिटरमागे श्वासाचे श्रम 3 जूलच्या आत असावे लागतात. तिथे एकूण दाब 6 बार, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या सुमारे सहापट असतो. तुमचं प्रमाणपत्र 18 मीटरपर्यंतचं, म्हणजे 2.8 बार. हवा जितकी दाट, तितका श्वास जड. वरच्या मॉडेलचा फरक जाणवतो तो खूप खोलवर आणि दम लागलेला असताना. थंड पाण्यासाठी सीलबंद केलेल्या फर्स्ट स्टेजचंही (टाकीला जोडलेला, हवेचा दाब कमी करणारा भाग) तसंच. 10 अंशांखालच्या पाण्यात ती हवीच, मालवण किंवा नेत्राणीच्या कोमट समुद्रात नाही. मीठ आणि गाळ आत जात नाही हा तिचा फायदा खरा, पण प्रत्येक डाइव्हनंतर डस्ट कॅप लावून गोड्या पाण्यात नीट धुतलं तर त्यासाठी एवढे पैसे मोजायची गरज नाही.

एका गोष्टीसाठी मात्र पैसे जरूर मोजा : बॅलन्स्ड फर्स्ट स्टेज. साध्या, अनबॅलन्स्ड रचनेत टाकीतला दाब 200 बारवरून उतरत गेला की श्वास हळूहळू जड होतो. जोडीदाराची हवा संपून तो तुमच्या ऑक्टोपसवर, म्हणजे जादा माउथपीसवर आला, तर दोघांचा श्वास त्याच एका फर्स्ट स्टेजमधून चालतो, आणि तेव्हा टाकीही बहुधा अर्ध्यावर आलेली असते. मधल्या किमतीच्या बहुतेक रेग्युलेटरमध्ये ही सोय असते. तुमच्या मॉडेलमध्ये ती आहे का, आणि त्याचे सर्व्हिस किट कुठे, किती दिवसांत मिळतात, हे विक्रेत्याला आधी विचारा.

आता हिशेब. वर्षाला दहा डाइव्ह म्हणजे 5 हजार भाडं. सर्व्हिसिंगलाच 6 हजार. आजच्या वेगाने स्वतःचा रेग्युलेटर कधीच पैसे वाचवणार नाही. रोजच्या सवयीचा, स्वच्छ माउथपीसचा, ओळखीचा म्हणून तो घ्यावासा वाटणं योग्य आहे, पण त्याला बचत समजू नका. डाइव्हमास्टरचा प्रवेश पक्का झाला की गणित बदलेल. तेव्हा ते कामाचं अवजार असेल.

हप्त्यांचा मोह टाळाच. ‘नो कॉस्ट’मध्येही बँकेच्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी खिशातूनच जाते. एक हप्ता चुकून कार्डावर थकबाकी राहिली, तर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज लागू शकतं. दरमहा 8 हजार भरायची तुमची तयारी आहेच ना? तेच 8 हजार सहा महिने आवर्ती ठेवीत टाका, मधल्या रेग्युलेटरचे 48 हजार रोख जमतील. पावसाळ्यात कोकणात डाइव्हिंग बंदच असतं, त्यामुळे तेव्हा वाट पाहणं जड जाणार नाही.

मला खरी काळजी तुमच्या विम्याची आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही. आपल्याकडच्या आरोग्य विम्यातल्या प्रमाणित वगळणुकींत साहसी खेळांचं एक कलम आहे. त्यात स्कुबा डाइव्हिंगचं नाव आहे आणि ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना लागू होतं. आज तुम्ही हौशी आहात; डाइव्हमास्टर होऊन मानधन घेऊ लागलात की त्या कलमात येऊ शकता. डाइव्हच्या दाबामुळे होणाऱ्या आजारावरचा, डिकम्प्रेशन चेंबर या वाढीव दाबाच्या खोलीतला उपचार स्वतःच्या खिशातून करावा लागला, तर दोन्ही रेग्युलेटरच्या किमतीचा विसर पडेल. कोर्सची फी भरण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा, उत्तर लेखी घ्या, आणि संरक्षण नसेल तर डाइव्हिंग अपघातांचा वेगळा विमा आधी काढा.